शृंगी घुबडाचं घरटं सापडलंय. जागा जाहीर करू की नको?

मुरमाड_माळ | १४ जानेवारी, रात्री १०.४२

राम राम मंडळी. गेले तीन आठवडे एक गोष्ट पोटात घेऊन फिरतोय, आता राहवत नाही.

पुण्यापासून तासाभरावर एका बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत शृंगी घुबडाचं घरटं आहे. घरटं म्हणजे काय, खाणीच्या उभ्या कडेत हातभर रुंदीची कपार, ना काडी ना पान, नुसत्या मातीवर तीन अंडी होती. आता दोन पिल्लं दिसतात, कापसाच्या बोंडासारखी. मादी कपारीत आणि नर समोरच्या कडुनिंबात. मी गाडीचा दरवाजा लावला की तो मान वळवून असा बघतो की वाटतं आपलं वीजबिल थकलंय.

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर, नोंद टाकायचीय. दहा वर्षं पक्षी बघतोय, पण असं घरटं पहिल्यांदाच. आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवरचा एक जण म्हणतो, नोंद नाही म्हणजे घरटं नाही, टाकून दे. बायको म्हणते, "तू ग्रुपवर टाक, रविवारी खाणीपाशी वडापावची गाडी लागलेली असेल."

तीन फोटो जोडलेत. तुम्ही काय कराल?

रानभूल | १४ जानेवारी, रात्री ११.०५

फोटो अप्रतिम. पण आधी तिसरा फोटो काढा, लगेच. मागच्या टेकडीवर मोबाइलचा मनोरा आहे, त्याच्या डावीकडे देवळाचं शिखर. मी रोज त्या रस्त्याने कामावर जातो. खाण कुठली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, बरोबर आहे का बघा.

मुरमाड_माळ | १४ जानेवारी, रात्री ११.११

काढला. व्यनि वाचला. शंभर टक्के बरोबर. पोटात गोळा आला राव. मी तर गावाचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

खादाडखाऊ | १४ जानेवारी, रात्री ११.३०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

विदा_भाऊ | १५ जानेवारी, सकाळी ८.१७

रानभूल यांनी डोळ्यांनी पकडलं ते सुटलं, पण फाइलच्या पोटात काय आहे तेही बघा. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश असतात, सेटिंगमध्ये बंद केले नसतील तर. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ते गळून पडतात. तोच फोटो कोणी "क्वालिटी जाते हो" म्हणून डॉक्युमेंट करून मागवला, की पत्ता जसाच्या तसा पोचतो. आपल्याकडे सगळे हौशी लोक डॉक्युमेंटच मागतात.

आता ईबर्ड. तिथे २०१७ पासून संवेदनशील प्रजातींची यादी आहे. त्या यादीतल्या पक्ष्याची नोंद तुम्ही केलीत तरी बाकीच्यांना नेमकी जागा दिसत नाही, साधारण ४०० चौरस किलोमीटरचा चौकोन दिसतो. आयनॅचरलिस्ट या अशाच दुसऱ्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातीचा बिंदू आपोआप ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी फेकला जातो, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरचा घोळ. तारखेऐवजी महिनाच दिसतो, कारण त्याच दिवशी तुम्ही आजूबाजूला टाकलेल्या दहा फुलपाखरांवरून माणूस तुमची वाट काढू शकतो.

पण या याद्या प्रजातींच्या असतात, घरट्यांच्या नव्हेत. साधा पक्षी असला तरी घरट्यावर बसलेला असताना तो हलू शकत नाही, आणि यंत्राला ते कळत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. नोंद लपवा, किंवा जिल्हा पातळीवर टाका, किंवा पिल्लं उडाल्यावर टाका. तिन्ही सोयी ईबर्डवर आहेत, आणि उशिरा टाकलेली नोंद विज्ञानाच्या दृष्टीने शिळी होत नाही.

आप्पा_शिवारकर | १५ जानेवारी, सकाळी १०.०२

आमच्या वेळी हे चोचले नव्हते. वही असायची, तिच्यात लिहायचं आणि कपाटात ठेवायचं. तुम्ही लोक पक्षी बघायच्या आधी तो कुठल्या अॅपात टाकायचा ते ठरवता. कुणाला काही सांगू नका. घुबड म्हटलं की दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक शोधत फिरणारे असतात, लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचं काय करतात ते इथे लिहायलाही नको. माहिती शेअर करणे हाच मुळात रोग आहे.

पिंगळावेळ | १५ जानेवारी, दुपारी १.२६

आप्पा, तुमचा राग समजतो. पण कपाटातल्या वहीचं काय होतं त्याचीही गोष्ट आपल्याच खानदेशात घडलीय, आणि ती घुबडाचीच आहे.

रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. पुढे खानदेशात असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. मग एकदम १९१४ चा एक नमुना, गोळा करणारा कर्नल मेनर्ट्झहागेन, जागा गुजरातेतली मांडवी. म्हणून लोक तिकडे शोधायचे. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही शोध घेतला. काही नाही. पक्षी नामशेष झाला असं जवळजवळ ठरलं.

नव्वदच्या दशकात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मेनर्ट्झहागेनचे नमुने तपासायला घेतले, तेव्हा लक्षात आलं की हा माणूस संग्रहालयांतून दुसऱ्यांचे पक्षी चोरायचा, पुन्हा भुसा भरायचा आणि स्वतःचं लेबल लावायचा. तो १९१४ चा रानपिंगळा मुळात डेव्हिडसनचा! लेबल खोटं, जागा खोटी. मग त्या आणि बेन किंग, डेव्हिड अॅबट असे तिघे खऱ्या जुन्या लेबलांवरच्या जागा धरून निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना तो दिसला. ११३ वर्षांनी!

एका माणसाने जागा खोटी सांगितली म्हणून पक्षी "मेला", आणि दुसऱ्याने शंभर वर्षांपूर्वी लेबलावर जागा नीट लिहून ठेवली होती म्हणून तो परत मिळाला. तेव्हा नोंद खरी आणि नेमकी असलीच पाहिजे. ती आज, आत्ता, सगळ्यांना दिसली पाहिजे का, हा वेगळा प्रश्न आहे. आपण हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

आप्पा_शिवारकर | १५ जानेवारी, दुपारी २.४०

बरं, हे माहीत नव्हतं. दंडवत. पण मग २०१४ ला तो तानसा अभयारण्यात सापडल्यावर काय झालं तेही लिहा की.

पिंगळावेळ | १५ जानेवारी, दुपारी ३.०४

लिहितो. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे सकाळी निघून दुपारी जेवायला घरी. मी स्वतः गेलो होतो, खोटं कशाला बोलू. एका झाडाखाली आम्ही अकरा जण, त्यातल्या एकाच्या खिशात स्पीकर आणि त्यावर त्याच पक्ष्याचा आवाज. पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, तो तावातावाने समोर येतो आणि आपण फोटो काढतो. त्या सकाळी त्याने भक्ष्य किती पकडलं असेल? मी परत गेलो नाही, पण तो फोटो अजून ठेवलाय. माणूस असाच असतो.

सुरमई_दापोली | १५ जानेवारी, संध्याकाळी ६.५५

मी किनाऱ्यावरची, घुबडातलं कळत नाही. पण आमच्याकडे उलटं झालं म्हणून लिहिते.

वेळासला पूर्वी कासवाचं घरटं सापडलं की अंडी जायची, घरात नाहीतर बाजारात. घरटं कुठे ते गावात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कुणालाच नाही. म्हणजे गुप्तता अगदी कडेकोट होती हो! २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे काम सुरू केलं, अंडी काढून कुंपणात ठेवायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव. आता लोक मुंबई-पुण्याहून येतात, घराघरात राहतात, उकडीचे मोदक खातात, पहाटे पिल्लं बघतात. गावालाच कासव हवंसं झालं. ते झालं जाहीर केल्यामुळेच.

फक्त जाहीर काय केलं ते बघा. कुंपण जाहीर केलं. मादी रात्री कुठे वर चढते ते नाही.

आणि २०२२ मध्ये पाच माद्यांवर ट्रान्समीटर बसवले, प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आमच्या शाळेतली पोरं रोज विचारायची, बाई आज बागेश्री कुठे? खोल समुद्रातलं कासव नकाशावर दाखवलं म्हणून कोण होडी घेऊन जाणार मागे? सगळ्या जनावरांना एकच नियम लावू नका एवढंच.

बाप्पा_वऱ्हाडी | १५ जानेवारी, रात्री ९.२०

सुरमईताई, लय खरं बोलल्या. मी उमरेडकडचा आहो, सफारीच्या जिप्सीवर होतो काही वर्षं.

जंगलात आम्हाले वाघाचं लोकेशन सांगाले अॅप लागत नाही बाप्पा. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर निरोप जातो, "मॅडम बसली आहे". पाच मिनिटात पंधरा गाड्या. ताडोब्यात सफारीले मोबाइल बंद केला तो उगाच नाही. ३१ डिसेंबर २०२४ ले उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून गाड्यायनं घेरले होते, व्हिडिओ देशभर फिरला, नागपूर खंडपीठानं सोताहून दखल घेतली. त्यात शिकारी कोणीच नव्हता. सगळे वाघावर प्रेम करणारेच होते.

दुसरं, पट्टा लावला म्हणजे वाघ सुरक्षित असंही नाही. आमचा जय, एवढा नावाजलेला, गळ्यात कॉलर, एप्रिल २०१६ पासून गायब तो गायबच. पण टिपेश्वरचा वॉकर त्याच कॉलरमुळं समजला. तीन हजार किलोमीटरच्या वर चालला तो, कापसातून, नाल्यानाल्यानं, हायवे ओलांडून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघ शेतातून जाते अन् कोणाले कळत पण नाही, हे त्या रेषेनं दाखवलं. तो ज्ञानगंगेत आहे हे सगळ्यायले समजलं. कोण्या नाल्यात झोपते हे नाही समजलं. बस, इतकंच पायजे.

विदा_भाऊ | १५ जानेवारी, रात्री १०.१०

कॉलरचा विषय निघालाच आहे तर पन्नाची गोष्ट हवीच. पन्ना-२११ नावाचा वाघ, २०१३ मध्ये उपग्रहाशी बोलणारी कॉलर लावलेली. वाघाची जागा ठरावीक तासांनी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर यायची. त्याच वर्षी त्या ईमेल खात्यात शिरायचा कुणीतरी प्रयत्न केला. सर्व्हरने अडवला, आणि आत शिरता आलं असतं तरी माहिती सांकेतिक स्वरूपात होती. प्रयत्न कुठून झाला माहितेय? पुण्यातून.

तो शिकारी होता, उचापती पोरगा होता की आणखी कोण, ते बाहेर आलं नाही. पण त्यानंतर "सायबर शिकार" हा शब्द जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी बसला.

खादाडखाऊ | १५ जानेवारी, रात्री १०.१४

पुण्यातून म्हणजे दुपारी एक ते चारच्या आत नक्कीच नसणार.

कंदीलपुष्पा | १६ जानेवारी, सकाळी ७.३९

प्राण्यांना निदान पळून तरी जाता येतं. वनस्पतींचं काय?

मी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर काम करते. काही जाती दोन-चार डोंगरांपलीकडे कुठेच नाहीत. पूर्वीच्या शोधनिबंधात गडाचं नाव, दरवाजा, दिशा, सगळं लिहायचो, तोच रिवाज होता. आता जागा तालुक्याच्या पुढे देत नाही. यामागे चीनमधल्या एका पालीची गोष्ट आहे. गोनियुरोसॉरस लुई, गुहेत राहणारी देखणी पाल, १९९९ मध्ये वर्णन छापून आलं, जागेसकट. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिची किंमत हजार-दोन हजार डॉलरांवर गेली आणि ज्या जागेवरून ती जगाला कळली तिथूनच ती संपली. शोधनिबंधाचा असा वाचक असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१५ मध्ये त्याच कुळातल्या दोन नव्या जाती छापल्या तेव्हा लेखकांनी जागा गाळली.

पण अडचण सांगते. मी जागा लपवते, आणि पुढच्या वर्षी त्याच कड्यावरून रस्ता जातो. अहवाल करणारा म्हणतो, "इथे दुर्मीळ काही असल्याची नोंद नाही." बरोबरच आहे त्याचं. नोंद माझ्या कपाटात आहे. आप्पा, तुमच्या वहीशेजारी.

म्हादई_काठ | १६ जानेवारी, सकाळी ११.४८

कंदीलपुष्पा, हेच गोव्यात वाघाचं. गोव्यातले वाघ पाहुणे, कर्नाटकातून येतात नि जातात, असं आमचे पुढारी वर्षानुवर्षं सांगत. कॅमेऱ्यात टिपलेल्या जागांच्या नोंदी नसत्या तर खोडून कशानं काढलं असतं? जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले. मारणाऱ्यांना वाघ कुठे आहे ते नकाशावरून कळलं नव्हतं, गाईगुरं मारली गेली तिथूनच कळलं. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं. न्यायालयापुढे गुपित ठेवून भागत नाही, तिथे जागा मांडावी लागते.

पिंगळावेळ | १६ जानेवारी, दुपारी १२.१५

+१. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' २०२३ चा अहवाल तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजाती तपासल्या. सगळ्यांनी वह्या कपाटात ठेवल्या असत्या तर कोणते पक्षी घटताहेत हे आपण अंदाजपंचे बोलत बसलो असतो.

एडिनबर्गची_वहिनी | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.०२

धागा वाखूसा (वाचनखूण साठवली). इथली एक जुनी गोष्ट.

ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, आपल्या उजनीवरही हिवाळ्यात येतो, तो स्कॉटलंडमधून संपला होता. १९५४ मध्ये एक जोडी परतली. इथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने जागा गुप्त ठेवली, रात्रंदिवस पहारा. तरी १९५८ मध्ये एका रात्री अंडीचोर झाडावर चढला, अंडी गेली. इथे अंडी जमवण्याचं वेड होतं, आपल्याकडे पोस्टाची तिकिटं जमवत तसं. मग जॉर्ज वॉटरस्टन या माणसाने १९५९ मध्ये उलटाच डाव टाकला. जागा जगाला सांगून टाकली, लांबवर निरीक्षणासाठी खोपटं उभारलं, दुर्बिणी लावल्या, या आणि बघा म्हणाला. पहिल्याच हंगामात चौदा हजार माणसं आली. घरट्यावर एवढे डोळे लागल्यावर चोर कुठून चढणार?

मी मुलांना घेऊन गेले होते तिथे, लॉख गार्टनला. ते खोपटं, तो पहारा, स्वयंसेवक, हे सगळं असेल तर जाहीर करा. मुरमाड_माळ यांच्या खाणीवर कोण बसणार पहाऱ्याला? वडापाववाला?

मुरमाड_माळ | १६ जानेवारी, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. ठरलं, पिल्लं उडेपर्यंत गप्प. नोंद लपवून ठेवतो, नंतर जिल्हा पातळीवर उघडतो.

मुरमाड_माळ | ५ फेब्रुवारी, रात्री ९.५८

मंडळी, घोळ झालाय. आज खाणीवर गेलो तर जेसीबी. बंद खाण परत चालू. पलीकडच्या कडेने मुरूम उपसताहेत, घरटं अजून पन्नासेक पावलांवर आहे. मुकादमाला विचारलं, तो म्हणाला आठवड्याभरात ही बाजू. त्याला घरट्याचा पत्ताच नाही. असणार कसा, मी ज्यांना ज्यांना सांगितलं नाही त्यात तोही होता.

रानभूल | ५ फेब्रुवारी, रात्री १०.०९

तुम्ही मुकादमाला सांगितलंत का?

मुरमाड_माळ | ५ फेब्रुवारी, रात्री १०.१५

नाही. तोंडातून शब्द फुटेना. सांगितलं आणि त्याने विकली तर पिल्लं? नाही सांगितलं तर खोरं आहेच.

बाप्पा_वऱ्हाडी | ५ फेब्रुवारी, रात्री १०.२२

सांगा राजेहो. उद्याच. वनखात्याले बी कळवा, लेखी. अन् तिथं जनावरं चारणारा कोणी असन त्याले भेटा आधी, त्याले सगळं माहीत असते.

पिंगळावेळ | ५ फेब्रुवारी, रात्री १०.४०

शेतकऱ्यांना सोबत घ्या. पक्ष्यांवर काम करणाऱ्या इला फाउंडेशनच्या मंडळींनी पुण्याभोवती याच घुबडाच्या प्रजननाचा आणि खाण्याचा अभ्यास केलाय, उंदीर-घुशी हे त्याचं मोठं खाद्य. ते सांगितलं की माणूस ऐकतो.

मुरमाड_माळ | ८ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

आधी मेंढपाळाला गाठलं. म्हातारे गृहस्थ, खाणीच्या वर त्यांचा वाडा. मी मोठ्या गुपितासारखं सांगायला लागलो तर म्हणाले, "ते व्हय? दरसाल असतंय की तितंच." मी तीन आठवडे पोटात घेऊन फिरलो ते!

विचारलं, कुणी दगड नाही मारत? तर म्हणाले, कोण मारंल, घुबडाला दगड मारला तर ते दगड उचलून नेतंय, पाण्यात घासत बसतंय, दगड झिजंल तसा माणूस झिजतोय. ही गोष्ट माझ्या आजीनेही सांगितली होती आणि मी तिला अंधश्रद्धा म्हणून हसलो होतो. तर या कपारीवर इतकी वर्षं पहारा होता तो त्या दगडाचा.

मग तेच माझ्याबरोबर मुकादमाकडे आले. मी उंदरांचं सांगितलं, त्यांनी झिजण्याचं सांगितलं. मुकादमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यांचं मात्र ऐकलं. जेसीबी महिनाभर पलीकडेच चालेल म्हणाला. वनखात्यात अर्ज दिलाय, पोच घेतलीय, अजून कुणी आलेलं नाही.

आप्पा_शिवारकर | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.००

मुकादमाचा शब्द लेखी नाही. रोज जा. दूर गाडी लावून नुसतं दिसत राहा.

मुरमाड_माळ | १९ मार्च, रात्री ८.४५

शेवटचं अपडेट. दोन्ही पिल्लं कपार सोडून गेली. एक अजून खाणीच्या काठावर बसून संध्याकाळी आईला हाका मारतं, उडतं पण उतरताना धडपडतं. जेसीबी परवा या बाजूला आला आणि कपार निम्मी गेली.

आज नोंद उघडली, जिल्हा पातळीवर. नेमके अक्षांश-रेखांश आणि तारखा एका कागदावर लिहून वनखात्याच्या अर्जाला जोडल्यात. एक प्रत मेंढपाळकाकांच्या नातवाकडे दिलीय. दहावीला आहे, दुर्बिणीतून बघताना हलत नाही.

खादाडखाऊ | १९ मार्च, रात्री ९.०१

आणि वडापाव?

मुरमाड_माळ | १९ मार्च, रात्री ९.०३

मुकादमाने खायला घातला. पुढच्या वर्षी ती जोडी कुठली कपार धरते ते बघायला नोव्हेंबरात काकांबरोबर फिरणार आहे. ते म्हणतात ओढ्यापलीकडे अजून एक जागा आहे, पण मला आत्ताच सांगणार नाहीत.